अंधारही नियमात बसतो

प्रति,
मा. ऊर्जामंत्री,
महाराष्ट्र राज्य

साहेब, नमस्कार.

मी घाटंजी तालुक्यातला वायरमन. आयटीआय करून बावीस वर्षं झाली. आमच्या पंचक्रोशीतल्या जिल्हा परिषद शाळा, अंगणवाड्या, ग्रामपंचायत आणि आरोग्य उपकेंद्र, सगळीकडे फ्यूज गेला की फोन मलाच येतो. म्हणून या इमारतींमधल्या उजेडाबद्दल बोलायचा थोडा हक्क मला आहे, असं समजून लिहितो.

जुलैत एका शाळेत पंखा बसवायला गेलो होतो. बाहेर झड लागलेली, वाऱ्याने पाणी आत येतं म्हणून खिडक्या लावलेल्या. वर्गात छताच्या दोन टोकांना दोन एलईडी ट्यूब, त्यातली एक मिचकत होती. मागच्या बाकावरची एक पोरगी वही उचलून दाराजवळ जाऊन बसली. मॅडमनी विचारलं तर म्हणाली, "मॅडम, मले तिथून दिसूनच नाही राह्यलं." मॅडमनी मग माझ्याकडे पाहिलं. जसं काही तो अंधार मीच बसवला होता.

एका अर्थी मीच बसवला होता. तीन वर्षांपूर्वी ऊर्जाबचतीच्या नावाखाली जुन्या ट्यूब काढून नव्या लावायचं काम निघालं, ते मीच केलं. दोन काढा, दोन लावा, एवढंच इस्टिमेटमध्ये होतं. उजेड किती पाहिजे हा रकानाच त्यात नव्हता.

मोबाइलवरचं ॲप फारसं खरं बोलत नाही, म्हणून आयटीआयच्या सरांकडून लक्समीटर, म्हणजे उजेड मोजायचं यंत्र, मागून आणला आणि दुसऱ्या दिवशी, तशाच झडीत, त्या मागच्या बाकावर वहीच्या उंचीला धरला. आकडा आला ३८ लक्स. लक्स म्हणजे त्या जागेवर पडणाऱ्या उजेडाचं माप. भारतीय मानक आयएस ३६४६ वर्गखोलीसाठी २०० ते ५०० लक्सची शिफारस करतं, मधला आकडा ३००.

मग वाटलं, सरकारी इमारतींतल्या दिव्यांसाठी काही नियम असेलच की. शोधला, तर निघाला. ऊर्जा संवर्धन कायदा २००१ चा. त्याखाली २००७ मध्ये इमारतींसाठी ऊर्जा संवर्धन संहिता आली, २०१७ मध्ये ती सुधारली. त्या २०१७ च्या आवृत्तीत दिव्यांसाठी दर चौरस मीटरला किती वॅट चालतील ते लिहिलेलं आहे. कार्यालयाला ९.५, शाळेला ११.२. पण ही संहिता सुरू होते ती १०० किलोवॅट जोडभार किंवा १२० केव्हीए मागणी असलेल्या, म्हणजे मोठ्या, इमारतीपासून. आमच्या शाळेचा मंजूर भार २ किलोवॅट. आमच्या गावातल्या सगळ्या सरकारी इमारती एका मीटरवर आणल्या तरी ती संहिता आम्हाला लागू होणार नाही.

आता गंमत बघा. समजा लागू झाली. आमची वर्गखोली ३३ चौरस मीटरची. ११.२ च्या हिशेबाने तिथे जवळपास ३७० वॅटपर्यंतचे दिवे चालतात. आमच्याकडे २० वॅटच्या दोन ट्यूब, म्हणजे ४० वॅट. मर्यादेच्या नऊपट खाली! कागदावर आमची शाळा मंत्रालयापेक्षाही काटकसरी ठरेल, आणि ती पोरगी दाराजवळच बसलेली असेल. कारण ही मर्यादा फक्त वरची आहे. खालची नाही. बल्ब काढून घेतला तर आणखीच चांगले गुण मिळतील.

शहरातल्या काचेच्या इमारतींसाठी वरची मर्यादा ठीक आहे, तिथे उधळपट्टी हाच आजार असतो. आमच्याकडचा आजार उलटा आहे.

आणि हा आजार बरा करायला फार वीज लागत नाही. हे मी हिशेब करून सांगतो. जुनी ४० वॅटची ट्यूब पट्टीच्या चोकसकट ५५ वॅटच्या आसपास खायची, म्हणजे दोन ट्यूबला ११०. आजची चांगली एलईडी ट्यूब २० वॅटमध्ये २००० ल्युमेन देते. ल्युमेन म्हणजे दिव्यातून निघणारा एकूण उजेड. सहा लावल्या तर १२० वॅट. म्हणजे पूर्वी जेवढं मीटर फिरायचं जवळपास तेवढ्यातच, जुन्या दोन ट्यूबच्या दुपटीहून जास्त उजेड. भर पावसातही खिडकीतून थोडा उजेड येतोच, त्यामुळे सहामध्ये वर्ग चालतो. हां, पण भिंती पांढऱ्या पाहिजेत. आमच्याकडे कमरेच्या उंचीपर्यंत गडद निळा किंवा चॉकलेटी ऑइलपेंट मारायची फॅशन आहे, मळ दिसत नाही म्हणून. तो रंग दिव्याचा उजेड पिऊन टाकतो. चुन्याचा एक हात एका ट्यूबचं काम करतो, हे कोणत्याच योजनेत बसत नाही, कारण त्याचं उद्घाटन होत नाही.

दुसरी गोष्ट टिकण्याची. मेलेली ट्यूब मी फेकत नाही, उघडून बघतो. दहापैकी सात-आठमध्ये एलईडीची पट्टी धडधाकट असते, ड्रायव्हर, म्हणजे त्या पट्टीला वीज पुरवणारं सर्किट, गेलेला असतो. त्यातला कपॅसिटर वरून फुगलेला, कधी बाजूची सर्किटची पाटी करपलेली. कारण सरळ आहे. मे महिन्यात बाहेर ४५-४६ अंश असतं आणि टिनपत्र्याच्या खाली छताशी त्याहून जास्त. कपॅसिटरचं असं असतं की तापमान दहा अंशांनी वाढलं की आयुष्य साधारण निम्मं होतं. वरून व्होल्टेज. संध्याकाळी शेवटच्या खांबावर मल्टिमीटर लावला तर १७० व्होल्टच दाखवतो, आणि एखाद्या वादळात डीपीचा, म्हणजे ट्रान्सफॉर्मरचा, न्यूट्रल सुटला की त्याच वायरीत ३५०-४०० येऊन जातात. खोक्यावर लिहिलेले २५,००० तास कुठल्या गावचे, असा प्रश्न पडतो. कुठल्यातरी थंड खोलीतले असावेत.

गेल्या वर्षी एका ठिकाणी आलेल्या मालातला बल्ब मी वॅटमीटरवर लावला. वर ९ वॅट छापलेलं, मीटर ६ दाखवत होतं. सर्वात कमी दर भरणाऱ्याकडूनच माल घ्यायचा म्हटल्यावर दुसरं काय होणार? ऊर्जाबचतीचं तारांकित (स्टार) लेबल एलईडी बल्बला २०१८ पासून सक्तीचं आहे, पण गावात खोकं उतरवून घेणाऱ्या शिपायाला ते तपासायला कोणी शिकवलेलं नाही.

उपकेंद्राचं फार लिहीत नाही. रात्री बाळंतपण असलं की सिस्टरच्या बाजूला कोणीतरी मोबाइलचा टॉर्च धरून उभं असतं. एकदा मी धरला आहे, तोंड भिंतीकडे करून.

पैसे नाहीत हे उत्तर मला पटत नाही. सरकारने एकत्र खरेदी केली तेव्हा २०१४ मध्ये ३१० रुपयांना घेतलेला एलईडी बल्ब २०१६ पर्यंत ३८ रुपयांवर आला होता. ग्राम उजाला या सरकारी योजनेत २०२१ साली खेड्यांत १० रुपयांत बल्ब दिले, तीन वर्षांच्या वॉरंटीसकट. म्हणजे घाऊक खरेदीत काय होऊ शकतं ते सरकारला माहीत आहे. शाळेला मात्र ३१ ते १०० पटाला वर्षाचं २५,००० संयुक्त अनुदान. त्यातूनच खडू, त्यातूनच दुरुस्ती, त्यातूनच वीजबिल. मुख्याध्यापिका सहा ट्यूब कुठून आणणार? आणि वीज तर आपल्याच दारात तयार होते. एकट्या चंद्रपूरच्या केंद्राची क्षमता २,९२० मेगावॅट. आम्ही तिची राख झेलतो, उजेडाचं मागतो आहोत ते १२० वॅटचं.

मागणी अवघड नाही. कायद्यात २०२२ साली झालेल्या दुरुस्तीने १०० किलोवॅटची अट खाली आणायचा अधिकार राज्याला दिलेला आहे. तो वापरून शाळा, अंगणवाडी, उपकेंद्र आणि ग्रामपंचायतीसाठी दोन पानांचं वेगळं मानक काढा. जाड संहिता नको, ती वाचायला आमच्याकडे कोणी नाही. त्यात वरच्या मर्यादेबरोबर खालचीही असू द्या: वर्गात शेवटच्या बाकावर किती लक्स, बाळंतपणाच्या टेबलावर किती. दर वॅटला किमान १०० ल्युमेन. १४० ते ३०० व्होल्टमध्ये चालणारा, सर्ज म्हणजे व्होल्टेजचा अचानक झटका झेलणारा, आमच्या उन्हात तपासलेला ड्रायव्हर. बिघडलेला माल बदलून मिळायची सोय तालुक्याच्या गावी, जिल्ह्याला नव्हे, कारण दोन ट्यूबसाठी यवतमाळला जायचं भाडंच ट्यूबपेक्षा जास्त होतं. आणि कामाचं बिल लक्समीटरचा आकडा लिहिल्याशिवाय निघू नये. हे शेवटचं एक कलम जरी आलं तरी बाकीचं आपोआप रुळावर येईल, असा माझा अनुभव सांगतो.

खरेदीच्या फायली मार्चएंडला पळतात आणि तेव्हा जो माल हाती लागेल तो घेतला जातो. म्हणून आदेश त्याआधी निघावा. डिसेंबरात अधिवेशनासाठी आपण नागपुरात असालच. लक्समीटर अजून माझ्याकडेच आहे, आयटीआयच्या सरांनी तोवर ठेव म्हटलं आहे.

आपला,
एक वायरमन
ता. घाटंजी, जि. यवतमाळ