कॉर्बेट या वेळी नको, नाना

प्रिय नाना,

तुझ्या सहलीचा कागद धाकट्याने पाठवला आणि तेव्हापासून माझ्या जिवाला चैन नाही. फोनवर तू पहिल्याच वाक्याला "ठरलंय रे आता" म्हणून मोकळा होतोस, म्हणून लिहायला बसलोय. माझी तब्येत बरी आहे, गोळ्या चालू आहेत. पुढे.

नाताळच्या सुट्टीत आठ दिवस. सोमवारी दिल्ली, मंगळवार-बुधवार कॉर्बेट राष्ट्रीय उद्यान, गुरुवार प्रवासात, शुक्रवारी पहाटे ताजमहाल, शनिवारी जयपूर, रविवारी रणथंबोरला एक सफारी की परत. तेही माईंना घेऊन! नाना, लाल किल्ला सोमवारी बंद असतो आणि ताजमहाल शुक्रवारी. ज्याने हे आखलं त्याला एवढंही ठाऊक नसेल, तर बाकी कागदावर कसा विश्वास ठेवायचा?

वार बदलून घेशील, पण तेवढ्याने भागत नाही. खरी अडचण धुक्याची आहे. डिसेंबरच्या शेवटच्या पंधरवड्यापासून जानेवारी संपेपर्यंत गंगा-यमुनेच्या सगळ्या पट्ट्यात ते बसतं. रात्री आकाश निरभ्र, वारा पडलेला, गव्हाला पाणी दिलेलं असल्याने जमीन ओली, त्यामुळे जमिनीलगतची हवा गार पडते आणि तिथेच गोठल्यासारखी राहते. ऊन वर आलं तरी दहा-अकरापर्यंत पुढचं झाड दिसत नाही. उत्तरेकडून येणाऱ्या गाड्या चार-चार, सहा-सहा तास उशिरा धावतात, काही तर रेल्वे आधीच रद्द करून टाकते. यमुना एक्सप्रेसवेवर हिवाळ्यात वेगमर्यादा खाली आणतात, ती उगाच नाही. आणि तुझ्या कागदावर कॉर्बेटजवळचं रामनगर ते आग्रा हा पल्ला गुरुवारी पहाटे पाचला निघून गाठायचा आहे. त्या वेळी त्या रस्त्यावर ऊस भरलेल्या, मागे दिवा नसलेल्या ट्रॉल्या असतात. माई मागच्या सीटवर असताना हे करू नकोस.

आता कॉर्बेट. कागदावर "ढिकाला जिप्सी सफारी" लिहिलंय आणि हॉटेल आहे ढिकुलीला, जंगलाच्या बाहेर. हे जमतच नाही. ढिकाला हा उद्यानाचा आतला भाग, तिथे जिप्सी, म्हणजे उघडी जीप, त्यांनाच मिळते ज्यांचं आतल्या वनविश्रामगृहाचं रात्रीचं बुकिंग आहे. दिवसापुरतं जाणाऱ्याला कँटर, म्हणजे मोठी उघडी बस. म्हणजे ऐन वेळी तुम्हाला झिरना किंवा ढेला या दुसऱ्या भागांत नेतील आणि "कॉर्बेटच आहे साहेब" म्हणतील. आहेच ते कॉर्बेट, पण तुझ्या डोक्यात जे आहे ते नव्हे. रामगंगेचा फुगवटा, काठावरचे ते चौर, म्हणजे मैलभर पसरलेली गवताळ कुरणं, त्यात हत्तींचे कळप, हे ढिकालाचं. धनगढी फाटकापासून ते तीसेक किलोमीटर आत आहे आणि रात्र तिथे काढल्याशिवाय हाती लागत नाही.

अण्णांच्या कपाटातल्या जिम कॉर्बेटच्या शिकारकथा तू कंदिलाच्या उजेडात वाचायचास, म्हणून कॉर्बेट हवं, हे मला सांगायला नको. १९३६ साली झालेलं देशातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान, १९७३ साली व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तोही तिथूनच. म्हणूनच म्हणतो, त्याला असं दीड दिवसात उरकू नकोस. पुढच्या मार्चमध्ये जाऊ, नुसतं कॉर्बेट, ढिकालात तीन रात्री. ढिकाला १५ नोव्हेंबरला उघडतं आणि १५ जूनला बंद होतं, तेव्हा मार्च मोकळा आहे. आत मांसाहार आणि दारू चालत नाही, हे दाजींना आधीच सांगून ठेवू, म्हणजे फाटकावर भांडण नको.

या वेळी एकच ओळ धर: रणथंबोर, भरतपूर, फतेहपूर सिक्री, आग्रा. आणि रणथंबोर आधी, आग्रा शेवटी. हे उलट करू नकोस. मुंबईहून गोल्डन टेम्पल मेल थेट रणथंबोरलगतच्या सवाई माधोपूरला उतरवते. ती दक्षिणेकडून जाते, म्हणून तिथवर धुक्याचा फटका फारसा बसत नाही. दिल्लीकडून सवाई माधोपूरला येणारी गाडी मात्र दुपारची सफारी चुकवते. सफारीची वेळ ठरलेली असते, फाटकावर कोणी थांबत नाही, पैसेही परत नाहीत. स्मारकं सकाळची दुपारी पाहता येतात. म्हणून ज्याला वेळेची सक्ती आहे ते आधी उरकायचं. परतीला आग्रा कँटहून पंजाब मेल. ती उशिरा आली तरी तेव्हा नुकसान फक्त झोपेचं.

रणथंबोरला तीन रात्री, चार सफाऱ्या. एका सफारीत वाघ दिसला तर नशीब, चारांत शक्यता बरी, हमी मात्र कोणी देत असेल तर त्याच्याशी व्यवहार करू नकोस. बुकिंग राजस्थान सरकारच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच कर आणि आजच कर. नाताळचा आठवडा सगळ्यात आधी भरतो. झोन १ ते ५ गाभ्यातले. तळी हवीत तर ३ आणि ४ बघ: पद्म तलाव, मलिक तलाव, काठावर मगरी आणि पाण्यात पोटापर्यंत उभी राहून शेवाळ खाणारी सांबरं. मछली वाघीण ज्या तळ्यांवर नांदली ती हीच. एक सफारी ६ ते १० पैकी घेतलीस तरी चालेल, तिथे गर्दी कमी. जिप्सीत सहा जागा, कँटरमध्ये वीस. तू जिप्सीसाठी अडून बसशील, पण माईंसाठी कँटरची पुढची रांग चांगली. जिप्सीत पाय टाकून वर चढावं लागतं आणि मागच्या बाकावर प्रत्येक खड्डा कमरेत बसतो. कँटरच्याही मागच्या रांगा टाळ, कारण त्या चाकाच्या मागे येतात आणि उसळतात.

थंडीचं हसण्यावारी नेऊ नकोस. उघड्या गाडीत सकाळी सातला पाच-सहा अंश तापमान आणि वरून वारा. आत लोकरी, वर जाकीट, त्यावर वारा अडवणारं काहीतरी, कानटोपी, हातमोजे, आणि हॉटेलातून एक घोंगडी मागून घे. नऊनंतर तेच एकेक काढायचं. तुझं ते पोपटी जाकीट घरी ठेव. वाघाला रंग फारसे कळत नाहीत, पण मागच्या बाकावरच्यांच्या प्रत्येक फोटोत तूच येशील! आणि दुर्बीण ८ बाय ४२ चीच घे. हा वाद आपण कॉलेजपासून घालतोय आणि तुला १० बाय ५० च मोठी वाटते. चालत्या गाडीत दहापटीत चित्र थरथरतं, दृश्य अरुंद होतं, आणि झाडीत हललेलं जनावर सापडेपर्यंत ते निघून गेलेलं असतं. धाकट्याला विचार, तोही हेच सांगेल.

गाडी थांबली की बोलू नका, कान द्या. चितळाच्या धोक्याच्या ओरडण्यावर लगेच धावायचं नसतं, ते बिबट्याला, कुत्र्याला, कधी नुसत्या हालचालीलाही ओरडतं. सांबर मात्र उगाच ओरडत नाही. शेपटी उभी, पुढचा एक पाय जमिनीवर आपटत, मान एका दिशेला रोखलेली, आणि मध्येच घंटेवर ठोका पडावा तसा तो "ढांक". असं सांबर दोन-तीनदा ओरडलं आणि वर झाडावरून वानराचाही खकार सुरू झाला, तर ड्रायव्हरला हलू देऊ नका. बरेचसे लोक इथेच चुकतात: पलीकडे चार गाड्या जमलेल्या दिसल्या की तिकडे पळतात, आणि वाघ मागून रस्ता ओलांडून जातो.

मधली एक दुपार मोकळी ठेवून किल्ल्यावर जा. त्याला सफारीचं तिकीट लागत नाही. १३०१ साली अलाउद्दीन खिलजीने हम्मीरदेव चौहानाकडून घेतलेला तो हाच. वर त्रिनेत्र गणेश आहे, देशभरातून लोक त्याला लग्नाची पहिली पत्रिका टपालाने धाडतात. माईंना सांग, तिथवर नक्की चढतील. फक्त बुधवार नको, आणि हातात प्रसादाची पिशवी नको. वानरं ती हिसकावतात.

तिथून रेल्वेने भरतपूर, अडीच-तीन तास. केवलादेव, म्हणजे तिथलं पक्ष्यांचं उद्यान, तुझ्या कागदावर नव्हतंच, याचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटलं. एकोणतीस चौरस किलोमीटरची ही पाणथळ माणसाने घडवलेली आहे, अजान बंधाऱ्यातून पाणी सोडून खोलगट भाग भरतात. तिथेच सगळी मेख आहे. गंभीर नदीवर वर करौलीकडे पांचना धरण झालं, खाली येणारं पाणी आटलं, आणि ज्या वर्षी पाऊस कमी त्या वर्षी तळी अर्धी राहतात. म्हणून हॉटेल ठरवण्याआधी तिथल्या सायकलरिक्षावाल्यांना किंवा वनखात्याला फोन करून यंदा पाणी किती सोडलंय ते विचार. पाणी असेल तर डिसेंबरात पट्टकादंब, कलहंस, तलवार बदकं, थापटे, सगळं रस्त्यापासून हाकेवर. सारसाची जोडीही बहुधा दिसते. सायबेरियन क्रौंच मात्र आता नाहीत, २००२ नंतर ते तिथे आलेच नाहीत. केवलादेवाच्या देवळाजवळ शिकारींचे आकडे कोरलेला दगड आहे, तो वाच: १९३८ च्या नोव्हेंबरात व्हाइसरॉय लिनलिथगोच्या एका दिवसात ४,२७३ पक्षी. पुढे त्याच जागेचं अभयारण्य झालं, त्यामागे सालिम अलींसारख्यांची केवढी खटपट होती, हे त्या दगडापुढे उभं राहिल्यावर कळतं.

आत मोटार चालत नाही, आणि तेच बरं आहे. माईंसाठी सायकलरिक्षा अर्ध्या दिवसाची ठरव, तासाच्या हिशेबाने नको. ते रिक्षावाले पक्षी नावानिशी ओळखतात, पण घड्याळ लावलं की ते पळवतात. धुकं असेल तर नऊला निघा.

भरतपूरहून फतेहपूर सिक्री वीस किलोमीटरच्या आसपास, आग्र्याला जाताना वाटेवरच. सामान गाडीत ठेवून तीन तास द्या. महाल आणि दर्गा हे दोन वेगळे भाग आहेत, महालाला तिकीट आहे, दर्ग्याला नाही. पार्किंगपासूनच जे "सरकारी गाइड" अंगावर येतात ते चादर आणि दोऱ्याच्या दुकानापाशी नेऊन सोडतात. पुरातत्त्व खात्याचं ओळखपत्र गळ्यात असेल त्यालाच घे, आणि रक्कम आधी ठरव. दिवाण-ए-खासमधला तो एकच खांब मात्र सावकाश बघ, खालून चौकोनी, मध्ये अठपैलू, वर गोल होत छत्तीस तोड्यांनी फुललेला.

आग्रा. ताजला पहाटे जायचं नाही! सूर्योदयाचा ताज हा ऑक्टोबर किंवा मार्चचा. डिसेंबरअखेर आत गेलात तर समोर पांढरं धुकं, आणि तिकीट तीनच तासांचं असल्याने ते विरायच्या आत बाहेर पडावं लागतं. साडेअकरा-बाराला पूर्वेच्या दरवाजाने जा. शिल्पग्रामच्या वाहनतळावर गाडी सोडायची, पुढे बॅटरीची गाडी. प्रवेशाचे ५० आणि मुख्य मकबऱ्यात जायचे वेगळे २०० रुपये, पंधरा वर्षांखालच्यांना काही नाही. दोन्ही एकदमच काढ, आत गेल्यावर दुसऱ्यासाठी धावायला नको. खाण्याचे पदार्थ, तंबाखू, ट्रायपॉड, मोठी बॅग, काही नेऊ देत नाहीत. माईंचा डबा म्हणजे गाडीतच. सलग सुट्ट्यांत शनिवार-रविवार टाळ. मनोरे नुसते लांबून बघू नकोस: ते बाहेरच्या बाजूला किंचित कललेले आहेत, पडलेच तर घुमटावर पडू नयेत म्हणून. आणि जडावकामाच्या एका फुलाशी नाक लावून थांब. एका पाकळीत लाल दगडाच्या तीन-चार छटांचे तुकडे इतके जुळवलेले असतात की नखाला सांधा लागत नाही.

दुसऱ्या दिवशी किल्ला, अमरसिंह दरवाजाने. मोठा भाग सैन्याकडे आहे. आता आपलं जुनं भांडण: महाराजांची कोठडी आत शोधू नकोस. १२ मे १६६६ ला ते आणि नऊ वर्षांचे शंभूराजे दरबारात गेले, ते दिवाण-ए-खासमध्ये. नजरकैद झाली ती बाहेर, मिर्झाराजे जयसिंहांचा मुलगा रामसिंह याच्या तळालगत, कोतवाल फुलादखानाच्या पहाऱ्यात, आणि ऑगस्टमध्ये निसटले ते तिथूनच. तू आणि दाजी काही म्हणा. शाहजहान त्याच किल्ल्यात त्याच वर्षी जानेवारीत वारला होता, चारच महिने आधी. दिवाण-ए-खासच्या गच्चीवर उभा राहा आणि या दोन तारखा शेजारी ठेवून बघ.

दिल्ली, जयपूर राहतं, ठाऊक आहे. जयपूरचा जंतरमंतर सोडायला माझाही जीव होत नाही, पण जयपूर ही तीन दिवसांची जागा आहे. सुट्टी फेब्रुवारीअखेर मिळत असेल तर हेच सगळं तेव्हा कर, धुकं गेलेलं असतं आणि भरतपूरचे पाहुणे बरेचसे तिथेच असतात. पण पोरांच्या परीक्षा असणार.

वहिनींच्या बदलीचं काय झालं? धाकटीला चित्रकलेत बक्षीस मिळालं म्हणे, तिला शाबासकी सांग, खरंच आनंद झाला. नवं घर केव्हा दाखवतोस?

हो, एक राहिलं. सफारीच्या तिकिटावर नावं आणि ओळखपत्राचा क्रमांक लिहावा लागतो, आणि फाटकावर तेच मूळ ओळखपत्र मागतात, झेरॉक्स चालत नाही. नाव नंतर बदलता येत नाही. माईंच्या आधारवर माहेरचं नाव आहे ना अजून? तर तिकिटावरही तेच घाल.

तुझा,
बापू