‘सुटला बिचारा’ म्हणण्याआधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

इच्छामरणाचा कायदा आपल्याकडेही यावा, निदान कायमचं अपंगत्व आलेल्यांसाठी तरी यावा, अशी पत्रं आपल्या सदरात गेले काही दिवस येत आहेत. ‘अशा जगण्याला काय अर्थ?’ हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक पत्रात आहे. माझ्या धाकट्या भावाचं छातीखालचं शरीर गेली १९ वर्षं हलत नाही आणि त्याचं बहुतेक सगळं मी करते, म्हणून हे लिहिते आहे.

तो २२ वर्षांचा होता. मे महिन्यात विहिरीत सूर मारला. पाणी तळाला गेलेलं, डोकं खडकावर आपटलं आणि मानेचा मणका मोडला. ऑपरेशननंतर “आता घरी न्या, सेवा करा” असं सांगितलं गेलं. सेवा म्हणजे नक्की काय करायचं, ते कुणी दाखवलं नाही. चौथ्या महिन्यात माकडहाडावर रुपयाएवढा लाल डाग दिसला. आम्ही पावडर लावली. तीन आठवड्यांत तिथे एवढा खड्डा पडला की ड्रेसिंग करताना आतलं हाड दिसायचं. उदबत्त्या लावून वास जात नव्हता. पाहुणे उंबऱ्यातूनच बघायचे आणि सोप्यात बसून चहा घेता घेता म्हणायचे, “देवानं सोडवावं बिचाऱ्याला.” त्याला सगळं ऐकू जायचं.

त्या दिवाळीत तो मला म्हणाला, “अक्का, कायतरी आणून दे आणि मोकळं कर मला.” एकदा नाही, जवळजवळ वर्षभर म्हणत होता. आणि आज हे लिहायला हात थरथरतो, पण रात्री दोन-दोन तासांनी गजर लावून त्याला कुशीवर वळवताना माझ्याही मनात आलं होतं की हा सुटला तर बरं. त्याच्यासाठी की माझ्यासाठी, हे तेव्हा मला वेगळं करता आलं नसतं.

कुणीतरी पत्ता दिला म्हणून कोल्हापूरहून एक गृहस्थ आले, स्वतः चाकाच्या खुर्चीवरचे. (कोल्हापुरात हे काम जुनं आहे. नसीमादीदी हुरजूक यांनी १९८४ साली तिथे अपंगांसाठी संस्था उभी केली, त्या स्वतःही खुर्चीवरच.) या गृहस्थांनी भावाला धीर दिला नाही की देवाचं नाव घेतलं नाही. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “संडासचं काय करता?” भाऊ ढसाढसा रडला. दीड वर्षात हे त्याला कुणीच विचारलं नव्हतं. त्याला मरावंसं वाटत होतं त्यातलं अर्धं त्या एका गोष्टीत होतं. कधी होईल याचा नेम नाही, बहिणीने पुसायचं, आणि चादर बदलेपर्यंत तसंच पडून राहायचं. त्यांनी ठरलेल्या वेळी पोट साफ करायची पद्धत शिकवली, लघवीची नळी कशी आणि किती वेळाने घालायची ते शिकवलं, हवेची गादी कुठे मिळते ते सांगितलं. जखम भरायला सात महिने लागले. जखम भरत गेली तसं ते मागणं कमी होत गेलं. हिंमत त्याची मोठी आहेच, पण त्याला वाचवलं ते गादीने, नळीने आणि सकाळी दोन तास येणाऱ्या पोराने. आज तो तळव्याला पट्ट्याने काडी बांधून गावातल्या दूध संकलनाचा हिशेब लॅपटॉपवर लिहितो. सगळं गोड झालं असं मात्र नाही. मागच्या पावसाळ्यात लघवीचा जंतुसंसर्ग होऊन सहा दिवस ताप उतरला नाही, तेव्हा पुन्हा “आता बास” म्हणालाच.

‘इच्छामरण’ हा शब्द आपण भीष्माकडून घेतला. शरपंजरी पडल्यावर, मरणाची वेळ स्वतः ठरवण्याचा वर हाताशी असताना, भीष्माने आधी काय मागितलं? डोक्याखाली आधार मागितला. अर्जुनाने बाणांची उशी केली. मग पाणी मागितलं, तेही त्यानेच दिलं. आमच्या घरात अर्जुन यायला दीड वर्ष लागलं. कित्येक घरांत तो येतच नाही.

पत्रलेखकांची एक गल्लत होते आहे, ती सांगायला हवी. जो मरणाच्या दारात आहे त्याला यंत्रांनी अडकवून ठेवू नये, हे आपल्या कायद्याने आधीच मान्य केलं आहे. ९ मार्च २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने तसा निर्णय दिला आणि २०२३ मध्ये त्याची किचकट पद्धत सोपी केली. आपली इच्छा आता नोटरीसमोर लिहून ठेवता येते. मी आणि माझ्या भावाने दोघांनीही ती लिहून ठेवली आहे. तेव्हा मरणाला माझा विरोध आहे असं कुणी समजू नये. मरत नसलेल्या माणसाला, केवळ त्याचं शरीर असं आहे म्हणून, मरणाचं औषध हातात देणं ही वेगळी गोष्ट आहे.

अरुणा शानबाग यांचं उदाहरणही दोन पत्रांत आलं. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या या परिचारिकेवर २७ नोव्हेंबर १९७३ ला तिथेच हल्ला झाला, त्या कायमच्या बेशुद्धावस्थेसारख्या स्थितीत गेल्या आणि १८ मे २०१५ ला न्यूमोनियाने गेल्या. त्यांना मरू द्यावं अशी पत्रकार पिंकी विराणी यांची याचिका सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये फेटाळली. अरुणाताईंना काय हवं होतं हे कुणालाच कळू शकत नव्हतं, म्हणून त्यावर मी बोलणार नाही. पण एवढी वर्षं अंथरुणाला खिळूनही त्यांच्या अंगावर एकही बेडसोर (पडून राहून होणारी, माझ्या भावाला झाली तशी जखम) नव्हता, याची नोंद त्या प्रकरणात आहे. ज्याने ती जखम धुतली आहे त्याला यामागचे कष्ट कळतील. केईएमच्या परिचारिकांनी जे केलं त्याला मी दोन्ही हात जोडते.

कॅनडाचा दाखला देणाऱ्यांनी तो पुरता द्यावा. २०१६ साली तिथे कायदा आला तो ज्यांचं मरण जवळ आहे अशांपुरता. २०१९ मध्ये क्यूबेकच्या न्यायालयात ज्याँ त्रुशाँ या सेरेब्रल पाल्सी असलेल्या माणसाने ही अट मोडून काढली आणि मार्च २०२१ मध्ये कायदाच बदलला. मरण समोर नसलं तरी अपंगत्वाचा त्रास असह्य असेल तर डॉक्टरांच्या मदतीने मरता येईल, असं झालं. २०२३ मध्ये तिथे १५,३४३ जण या कायद्याने गेले. त्यातले मरण जवळ नसलेले ६२२. आकडा लहान आहे, मान्य. पण क्रिस्टीन गोतिए या माजी सैनिक आणि पॅरालिम्पिक खेळाडूने डिसेंबर २०२२ मध्ये तिथल्या संसदीय समितीपुढे काय सांगितलं ते वाचा. घरात खुर्ची वर नेणारी लिफ्ट त्या कित्येक वर्षं मागत होत्या, आणि माजी सैनिकांच्या खात्यातल्या एका कर्मचाऱ्याने त्यांना हवं तर मरणाची सोय होऊ शकते असं सुचवलं. मार्च २०२५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्क समितीने कॅनडाला हा भाग मागे घ्यायला सांगितलं. श्रीमंत देशात, दवाखाना फुकट असताना ही गत. आपल्याकडे काय होईल?

माझ्या भावाला मी हे पत्र वाचून दाखवलं. तो पूर्ण सहमत नाही. म्हणाला, “अक्का, तू माझ्या वतीनं नको म्हणू नकोस. हक्क असू दे की माझ्याजवळ. वापरायचा का ते मी बघीन.” त्याचं म्हणणं मी इथे मुद्दाम लिहिते आहे. ज्याला सगळी मदत मिळाली, ज्याचं डोकं ताळ्यावर आहे आणि तरी ज्याला नको आहे, त्याला काय उत्तर द्यायचं, हे मला येत नाही. त्रुशाँसारख्यांना मी खोटं ठरवणार नाही. पण भावाला माझा एकच प्रश्न होता: “त्या दिवाळीत कायदा असता तर?” बराच वेळ तो गप्प राहिला. “सही केली असती,” म्हणाला, “अंगठा उठवला असता.”

म्हणून ज्यांना कायदा हवा आहे त्यांनी आधी असलेल्या कायद्यामागे जोर लावावा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम २४ मध्ये, ज्यांना जास्त आधार लागतो त्यांच्यासाठी काळजीवाहू भत्त्याचा उल्लेख आहे. संजय गांधी निराधार योजनेतून दिव्यांगांना आता महिन्याला २,५०० रुपये मिळतात. आमच्याकडे सकाळी येणाऱ्या पोरालाच आम्ही ६,००० देतो, नळ्या आणि औषधं वेगळी. त्या भत्त्यासाठी मी अर्ज केला, तर खिडकीपलीकडून “अशी काही योजना नाही” असं उत्तर मिळालं. कलम दाखवलं, तर “वरून आदेश नाहीत.” आपल्या वार्ताहरांनी हा भत्ता कुणाला मिळतो आहे का, याचा जरूर शोध घ्यावा. माझ्या अर्जाची पोच आणि उत्तराची प्रत मी जपून ठेवली आहे. सांगितलंत तर पाठवते.

भावाची ओळख उघड होऊ नये म्हणून माझं नाव छापू नये, ही विनंती.

आपली,
एक वाचक, ता. मिरज, जि. सांगली