पुन्हा मामाच?

प्रिय बंड्या,

आधी २० ऑक्टोबरला असरानी गेले, २५ला सतीश शाह. दोघंही पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचे. त्या आठवड्यात इथे कुणाशी काही बोलावंसंच वाटेना. आपल्या दोघांचं सतीश शाहांवरून किती वाजलंय, हे इतरांना काय कळणार?

तू इंद्रवदनवाला, मी डिमेलोवाला: 'साराभाई' मालिकेतला बाप की 'जाने भी दो यारों' सिनेमातलं प्रेत, त्यांची कुठली भूमिका मोठी? 'प्रेताची कसली आलीय भूमिका!' म्हणून तू चहा टाकून निघून गेला होतास. मी अजून तिथेच आहे. 'जाने भी दो यारों'त मेलेल्या कमिशनर डिमेलोला फरफटवतात, चाकांवर पळवतात, द्रौपदी करून रंगमंचावर उभं करतात. भोवती सगळे बोंबलतायत आणि या माणसाने चेहऱ्यावरची रेषही हलवायची नाही. विनोदी नट समोरच्याला प्रतिसाद देऊन हशा काढतो. ती सोयच काढून घेतली, तरी नजर त्याच्यावरच! आपली तालीम घेणारे अण्णा असते तर म्हणाले असते, 'दोघंही गप्प बसा आणि तालमीला उभे राहा.'

खरं सांगायचंय ते वेगळंच. मला नव्या मालिकेचं बोलावणं आलंय. पुन्हा मामा. नाव बदललंय, मिशी तीच, विसराळूपणा तोच. पोरं रस्त्यात अडवून मामाचं वाक्य म्हणायला लावतात आणि मला ते मनापासून आवडतं. पण आपल्या एकांकिकेतला तो बहिरा पोस्टमन, ती खाष्ट आत्या, ती माणसं कुठे गेली रे? १९८४च्या 'ये जो है जिंदगी'त शफी इनामदार, स्वरूप संपत, राकेश बेदी आपापल्या जागी तेच असायचे आणि सतीश शाह दर भागात नवा माणूस. पन्नासाहून जास्त झाली ती माणसं! निर्मात्यांना म्हटलं, महिन्यातून एक भाग तरी मला दुसरं काही करू द्या. म्हणे प्रेक्षक गोंधळतो. दूरदर्शनवर एकच वाहिनी बघणारा प्रेक्षक गोंधळला नाही, तो आता गोंधळेल? त्यांची अडचणही खोटी नाही. रोजच्या मालिकेत सीन सेटवर हातात पडतो, तासाभरात टेक. नवा माणूस उभा करायचा कधी? आणि मी नाही म्हटलं तर संध्याकाळपर्यंत त्यांना दुसरा मामा मिळेल. घराचे हप्ते आहेतच.

इथे मला तुझा इंद्रवदन आठवतो. 'साराभाई' २००४ साली आली तेव्हा टीआरपी बेताचाच होता, लोकांनी डोक्यावर घेतली ती नंतर. सतीश शाहांनी तो एकच माणूस केला, पण तो शिळा झाला नाही. बायकोची खोडी काढताना त्याचं तिच्यावरचं प्रेम दिसतं, पोराच्या कवितांची टर उडवतानाही तो त्या पोराचा बापच असतो. माझ्या मामाला तसं कुणीच नाही. तो दारातून येतो, विसरतो, जातो. त्याला एक जवळचं माणूस हवंय, म्हणजे तो काय विसरतो आणि काय कधीच विसरत नाही, हे मला खेळता येईल.

ते तू लिही. दोन पानं पुरेत. पोस्टमनला तूच बहिरा केलास, म्हणून मला त्याचं ते पत्र वाचणं सुचलं. ती पानं घेऊन मी लेखकांकडे जातो; हो म्हणाले तर मामा करीन.

गुडघा बरा आहे. तुझी बदली झाली का? वहिनींना नमस्कार, धाकटीच्या परीक्षेचं कळव. पुढच्या सोमवारी त्यांना उत्तर द्यायचंय, तेव्हा पानं त्याआधी पाठव.

तुझाच,
पोस्टमन