ह्युमिडिफायर बसवला, चकती कोण फिरवणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत फर्नेसला (घर तापवणाऱ्या भट्टीला) जोडायच्या ह्युमिडिफायरवर, म्हणजे हवा दमट करणाऱ्या यंत्रावर, लेख आला आणि दुसऱ्याच दिवशी ओळखीच्या दोन घरांतून मला फोन आले. एका घरचे म्हणाले, ‘तुमच्याकडे आहे ना? मग आम्हीही बसवून टाकतो.’ लेखातली बहुतेक माहिती बरोबर होती. मात्र एकदा बसवला की हिवाळाभर त्याकडे बघायलाही लागत नाही, असं जे त्यात म्हटलंय, त्यासाठी हे पत्र. पहिल्या हिवाळ्यात आम्ही अगदी तसंच केलं होतं. बघितलं नाही.

कोरड्या हवेचा त्रास खोटा नाही, हे आधी कबूल करते. यांच्या नाकातून सकाळी रक्त यायचं. माझ्या बोटांच्या पेरांना भेगा पडायच्या, दाराच्या मुठीला हात लावला की चटका बसायचा, आणि बैठकीतल्या लाकडी फरशीच्या पट्ट्यांमध्ये नाणं उभं राहील एवढी फट पडली होती. आधी आम्ही खोलीत ठेवायचं छोटं अल्ट्रासॉनिक यंत्र आणलं. दिवसातून दोनदा टाकी भरा, आणि वर पाण्यातले क्षार तुषारांबरोबर हवेत उडतात ते वेगळंच. टीव्हीच्या काळ्या पडद्यावर बोटाने नाव लिहावं इतकी पांढरी पूड बसायची. त्याला कंटाळून डक्टवर, म्हणजे फर्नेसची हवा घरभर नेणाऱ्या पत्र्याच्या नळावर, बसणारा ह्युमिडिफायर घेतला.

‘फर्नेसमुळे हवा कोरडी होते’ असं मीही वर्षानुवर्षं म्हणत आले. पण फर्नेस हवेतलं पाणी काढून घेत नाही. उणे १८ अंशांच्या हवेत घनमीटरमागे जेमतेम एक ग्रॅम वाफ मावते, २१ अंशांच्या हवेत १८ ग्रॅम मावते. बाहेरची हवा फटींतून आत आली आणि तापली, की तिच्यात वाफ तेवढीच राहते, सामावून घ्यायची ताकद मात्र वाढते. म्हणून सापेक्ष आर्द्रता, म्हणजे मावेल त्याच्या किती टक्के वाफ आहे तो आकडा, पाच-सहा टक्क्यांवर येते. पुढे आपल्या श्वासातून, आंघोळीतून, कपडे वाळवण्यातून ती जी काय चढेल ती चढेल. म्हणजे घर जितकं गळकं, तितकं कोरडं. (जुन्या पद्धतीची फर्नेस जळण्यासाठी घरातलीच हवा ओढते आणि धुराड्यातून बाहेर सोडते, तेवढी बाहेरची हवा फटींतून आत येते. एवढ्यापुरता तिच्यावर दोष ठेवता येईल.)

मी बत्तीस वर्षं हिशेबनीसाचं काम केलं, त्यामुळे आकडे मांडल्याशिवाय चैन पडत नाही. चारशे घनमीटरचं घर धरा. तासाला त्यातली निम्मी हवा बदलते, बाहेर उणे १८ आणि आत, हिशेबापुरती, ३५ टक्के आर्द्रता धरा (एवढ्या थंडीत ती जास्तच, ते पुढे येईलच). तासाला एक लिटरहून थोडं जास्त पाणी हवेत घालावं लागतं, दिवसाला पंचवीसेक लिटर. फटी बुजवून हवेची ये-जा निम्मी केली तर पाणीही निम्मं पुरतं. ज्या दोन घरांनी मला फोन केला त्यांतल्या एकाला मी म्हणूनच आधी दारांच्या पट्ट्या बदलायला आणि पोटमाळ्याचं झाकण नीट बसवायला सांगितलंय. नव्या, घट्ट बांधलेल्या घरात तर हिवाळ्यात वाफ जास्तच साठते. तिथे हे यंत्र कशाला हवं?

त्याच हिशेबातून आणखी एक गोष्ट निघते. दमट हवेत ऊब जास्त वाटते, थर्मोस्टॅट एखादा अंश खाली ठेवता येतो, म्हणून इंधन वाचतं, असं विकणारे सांगतात. ऊब वाटते हे खरं. पण एक लिटर पाण्याची वाफ करायला सुमारे ०.६८ युनिट उष्णता लागते. पंचवीस लिटरना रोज सतरा युनिट. ती उष्णता आमच्या प्रकारात फर्नेसच्याच गरम हवेतून घेतली जाते, पाणी उकळून वाफ सोडणाऱ्या प्रकारात विजेच्या बिलातून. यंत्र आरामासाठी घ्या. बचतीसाठी कुणी विकत असेल तर त्याच्याकडून लेखी मागा.

आमचा बायपास प्रकारचा आहे. मुख्य डक्टवर पेटी, तिच्यात धातूच्या जाळीचं जाड पॅड, वरून पाणी झिरपतं, गरम हवा पॅडमधून जाऊन परतीच्या डक्टला मिळते, उरलेलं पाणी नळीने तळघराच्या ड्रेनमध्ये. स्वतःचा पंखा असलेलाही मिळतो, त्याला बायपासची नळी लागत नाही. वाफेचा सगळ्यांत जोरकस आणि सगळ्यांत खर्चिक. फिरत्या ड्रमचा जुना प्रकार कुणी स्वस्तात देत असेल तर घेऊ नका. त्याच्या थाळीत पाणी साचून राहतं आणि त्यात काय वाढतं ते मी एका ओळखीच्या तळघरात डोळ्यांनी पाहिलंय.

तर, बसवणाऱ्या तंत्रज्ञाने ह्युमिडिस्टॅटची, म्हणजे घरात किती टक्के आर्द्रता हवी ते ठरवणाऱ्या नियंत्रकाची, चकती ४५ वर ठेवली आणि ‘आता विसरून जा’ म्हणाला. पहिले तीन आठवडे स्वर्ग होता. रक्त थांबलं, चटके थांबले, मी तर फोनवर सगळ्यांना बसवा बसवा म्हणत सुटले. मग कडाक्याची थंडी आली. सकाळी पडदा सरकवला तर काचेच्या खालच्या कडेला पाण्याची ओळ. मी पुसली. दुसऱ्या दिवशी पुन्हा. आठवडाभर रोज सकाळी फडकं घेऊन खिडक्या पुसत फिरत होते आणि हे कौतुकाने म्हणत होते, बघ, यंत्र काम करतंय! महिन्याअखेरीस खिडकीच्या लाकडी चौकटीचे कोपरे काळे पडले होते. बुरशी.

एवढ्यावर भागलं नाही. थंडी ओसरली त्या दिवशी, बाहेर पाऊस नाही, बर्फ नाही, आणि झोपायच्या खोलीच्या छताला तपकिरी डाग. छप्पर गळतंय म्हणून छपराचं काम करणाऱ्याला बोलावलं. तो पोटमाळ्यावर चढला, पाच मिनिटांत खाली उतरला आणि म्हणाला, वर या, दाखवतो. छपराच्या फळ्यांतून आत आलेल्या प्रत्येक खिळ्याच्या टोकावर बर्फाचा मणी होता. शेकडो. काही वितळून टपटपत होते. आमच्याच घरातली दमट हवा छतातल्या दिव्यांच्या भोकांतून आणि पोटमाळ्याच्या ढिल्या झाकणातून वर जात होती आणि महिनाभर खिळ्यांवर गोठत होती. छपराला काहीही झालेलं नव्हतं. दिसायला ते फार सुंदर होतं, हेही सांगून टाकते. उन्हाची तिरीप आत आली होती आणि सगळी टोकं चमकत होती.

त्या संध्याकाळी मी तळघरात जाऊन ह्युमिडिस्टॅटचं झाकण उघडलं. आतल्या बाजूला तक्ता छापलेला होता. बाहेर उणे ७ असेल तर आत ३५ टक्के, उणे १२ ला ३०, उणे १८ ला २५, उणे २३ ला २०, उणे २९ ला फक्त १५. चाळीस म्हणायचं ते बाहेर शून्याच्या वर असताना. आमची चकती उणे १८ ला ४५ वर होती! २१ अंशांच्या खोलीत ४५ टक्के आर्द्रता असेल तर साधारण ९ अंशांपर्यंत थंड झालेल्या कुठल्याही गोष्टीवर पाणी सुटतं, मग ती काच असो, कोपऱ्यातली भिंत असो की खिळा. २५ टक्क्यांवर तेच पाणी सुटायला जवळपास शून्य अंश लागतो. थंडी वाढली की चकती खाली आणायची, हे उलटं वाटतं खरं, कारण कोरडेपणा तेव्हाच जास्त जाणवतो. बाहेरच्या तापमानाचा सेन्सर असलेला ह्युमिडिस्टॅट हे काम आपोआप करतो. पुन्हा घ्यायचा झाला तर मी यंत्र साधं घेईन आणि पैसे त्या सेन्सरवर घालेन.

चकतीवरचा आकडाही सोळा आणे खरा मानू नका. घरात वेगळा आर्द्रतामापक ठेवा आणि तो तपासून घ्या. बाटलीच्या झाकणात मीठ, त्यावर चार थेंब पाणी, चिखलासारखं होईल इतपत. हे झाकण आणि मापक एका घट्ट बंद पिशवीत रात्रभर. सकाळी काटा ७५ वर हवा. आमचा ६९ दाखवत होता. तेव्हापासून मी सहा मिळवून वाचते.

बाकी देखभाल फार नाही, पण आहे. पॅडवर चुन्याचा थर चढतो, हंगामाला एकदा बदलावं लागतं. ड्रेनची नळी त्याच थराने तुंबते आणि पाणी थेट फर्नेसच्या पत्र्यावर उतरतं, म्हणून पॅडबरोबर तीही धुवायची. तांब्याच्या नळीला खोगिरासारखा आवळून सुईने भोक पाडणारा व्हॉल्व्ह लावू देऊ नका, तो पुढेमागे ठिबकतो. प्लंबरकडून टी-जोड आणि बंद करता येणारा नेहमीचा कॉक लावून घ्या. बायपासच्या नळीत उन्हाळा आणि हिवाळा लिहिलेली झडप असते. आम्ही ती उन्हाळ्यात उघडीच ठेवली, गार केलेली हवा फिरून परत फर्नेसकडेच जात राहिली आणि गारवा का नाही म्हणून आम्ही तंत्रज्ञ बोलावला. त्याने झडप फिरवली, पैसे घेतले, गेला.

पाणी वाया जातं, हे मात्र मला अजून सलतं. एकदा ड्रेनच्या नळीखाली बादली ठेवून घड्याळ लावलं. तासाभरात दहा लिटरच्या आसपास पाणी जमलं. हवेत गेलं असेल त्याच्या कितीतरी पट. क्षार वाहून जावेत म्हणून तशीच रचना असते, हे मला समजतं. तरी आता मी ते बादलीत धरते आणि फरशी पुसायला वापरते.

दुसऱ्या घरच्यांची तक्रार वेगळी होती. त्यांच्याकडे यंत्र आधीपासून आहे, पण आर्द्रता वीसच्या वर चढत नाही. मी जाऊन बघितलं. फर्नेस घराच्या मानाने फार मोठी, पाच मिनिटं चालते, बंद पडते. ती चालू असेल तेवढाच वेळ यंत्राला पाणी मिळतं. पॅड ओलं होईतो खेळ खलास. शिवाय पाण्याची जोडणी गार नळाची. मी त्यांना गरम पाण्याची जोडणी विचारून बघायला सांगितलंय आणि तंत्रज्ञ येईल तेव्हा पंखा जास्त वेळ चालवता येईल का तेही विचारा म्हटलंय. नवं, मोठं यंत्र घेऊ नका एवढं मात्र ठामपणे सांगितलं.

आज बाहेर उणे १२ आहे. चकती ३० वर आहे, काचा कोरड्या आहेत, आणि यांच्या नाकाची तक्रार नाही. पोटमाळ्याच्या झाकणाला मी स्वतः रबराची पट्टी लावली, तिला आता दोन हिवाळे झाले.

एक विनंती. आपल्या लेखाबरोबर यंत्राचं छान रंगीत छायाचित्र होतं, पण झाकण बंद असलेलं. पुढच्या वेळी झाकण उघडून आतला तक्ता छापाल का?

आपली,
एक नियमित वाचक