खोली ठरवली आहे, त्याबद्दल

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांना शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

फोनवर बोलणं नेहमी अर्धवट राहतं. बाबा फोन आईकडं देतात, आई "जेवलीस का?" विचारते आणि विषय तिथंच संपतो. म्हणून लिहायला बसले. बाबा, तुम्ही मोठ्यानं वाचून दाखवा, आईचा चष्मा अजून दुकानातच असणार.

आधी सांगून टाकते. आर. के. नगरच्या बाजूच्या वृद्धाश्रमातली ती खोली मी ठरवली. अनामत भरली. दादाशीही बोलणं झालंय. मृगाच्या आत तुम्ही दोघांनी तिथं राहायला जायचं आहे. घर विकायचं नाही, भाड्यानं द्यायचं नाही. कुलूप लावायचं आणि किल्ली शेजारच्या काकूंकडं ठेवायची. तुळशीला पाणी त्याच घालतील, मी विचारलंय. गणपती आपल्याच घरी बसणार, तेव्हा सगळे तिथंच जमू.

न विचारता केलं, असं म्हणाल. पण २०१९ च्या पुरानंतर विचारलं होतं, २०२१ च्या पुरानंतरही विचारलं होतं. दोन्ही वेळा तुम्ही "बघू" म्हणालात, बाबा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर आली की तुम्ही वहीत 'इशारा' लिहिता, ४३ ला 'धोका' लिहिता आणि मग माळ्यावर सामान चढवायला घेता. आता गुडघे ऐकणार आहेत का तुमचे? आणि आईला तशा ओलीत, त्या दम्यात, कुणाच्या खांद्यावरून बाहेर काढायचं? पुण्याहून मी निघेपर्यंत शिरोलीला हायवे बंद झालेला असतो.

पण तुमची खरी हरकत पुराची नाही, हे मला ठाऊक आहे. "एका छपराखाली पन्नास म्हातारी म्हणजे साथीला आवतण," असं तुम्ही मागच्या दिवाळीत फराळाच्या ताटावर म्हणालात आणि सगळे गप्प झाले. अख्खी नोकरी आरोग्य खात्यात काढलेल्या माणसाचं म्हणणं कोण खोडणार? आणि ते खोटंही नाही. तुमच्या फाइलीतली कात्रणं मी पण वाचलीत. अमेरिकेत सिएटलजवळ कर्कलंडच्या शुश्रूषागृहात २०२० च्या फेब्रुवारीत कोरोना शिरला आणि तीसहून जास्त माणसं गेली. स्पेनमध्ये लष्कराला काही वृद्धाश्रमांत टाकून दिलेली म्हातारी माणसं सापडली, काही तर बिछान्यातच मेलेली. कॅनडातल्या अशा घरांत सैनिक पाठवावे लागले, तेव्हा दादानं फोनवर सांगितलेलं ऐकून आई दोन दिवस जेवली नव्हती. आपल्याकडं, भिवंडी तालुक्यातल्या एका वृद्धाश्रमात २०२१ च्या नोव्हेंबरात साठाहून जास्त जण पॉझिटिव्ह निघाले, आणि त्यातल्या बहुतेकांचे दोन्ही डोस झालेले होते.

हे सगळं मान्य करूनच मी ही जागा ठरवली. कर्कलंडला काय चुकलं ते नंतर तपासलं गेलं. अंगात लक्षणं असताना कामावर येणारी माणसं, एकाच वेळी दोन-तीन ठिकाणी काम करणारी माणसं, मास्क-हातमोजे कसे वापरायचे याची धड माहिती नाही, आणि आजार आलाय हे ओळखायला झालेला उशीर. म्हणजे दार उघडं होतं ते कामाच्या पाळ्यांचं आणि पगाराचं. म्हणून मी तिथली बाग, देऊळ, टीव्हीची खोली हे काही बघितलं नाही. पहिला प्रश्न विचारला, "मावशींना ताप आला तर पगार कापता का?"

व्यवस्थापक बाई जरा चमकल्या. म्हणाल्या, "तुम्ही जागा बघायला आलाय की तपासणीला?" मी म्हटलं, माझ्या वडिलांना दोन्हीत फरक वाटत नाही.

पगार कापत नाहीत. हजेरीची वही मागून बघितली, तापाच्या रजा भरपगारी लिहिल्यात. मावश्या दुसरीकडं काम करत नाहीत, निम्म्या तर तिथंच राहतात. व्हरांड्याच्या टोकाला दोन खोल्या रिकाम्या ठेवल्यात, त्यांना संडास-बाथरूम वेगळं आहे. कुणाला काही झालं तर त्याला तिकडं हलवायचं, आणि त्याचं करणारी मावशी इतरांच्या खोल्यांत जायची नाही. खिडक्या समोरासमोर आहेत, वारं वाहतं. ऑक्सिजनचं यंत्र आहे, जनरेटर आहे, तो मी चालू करून बघायला लावला. (आवाज फार करतो. पण तुमची खोली मागच्या बाजूला आहे.)

आता घरचं बोलू. "घरात बसलं की साथ येत नाही," असं आई म्हणते. आई, तुझ्याकडं येणारी धुण्या-भांड्याची बाई आणखी किती घरं करते? दूधवाला, पेपरवाला, पोस्टातला तो बाबांचा मित्र, जो खोकत खोकत पान खायला येतो? २०२१ मध्ये बाबा पॉझिटिव्ह आले ते कुठं फिरायला जाऊन नव्हे. तेव्हा मी पुण्यात ई-पास घेऊन बसले होते आणि तुमच्या दारात डबा ठेवून लांब उभं राहणारा शेजारचा पोरगा मला फोनवर सांगत होता, "आजोबा खिडकीत आले होते, बरे दिसले." मला ते परत ऐकायचं नाही.

आजीचं आठवतं ना? न्यूमोनिया झाला तेव्हा तिला ताप नव्हता. खोकला पण फारसा नव्हता. ती दोन दिवस जेवली नाही, मग मोरीत पडली, मग मला दादाच्या नावानं हाक मारायला लागली. आपण म्हटलं, वयामुळं बडबडते. सीपीआर दवाखान्यातल्या डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला तेव्हा कळलं. म्हाताऱ्या अंगाला ताप चढेलच असं नसतं. जेवण सुटणं, तोल जाणं, बोलण्यात घोळ होणं, हीच पुष्कळदा पहिली खूण असते. तिथल्या वहीत रोज सकाळी ताप आणि ऑक्सिजन लिहितात, पण मी 'जेवण' आणि 'बोलणं' असे आणखी दोन रकाने आखून घेतलेत. आणि तीन दिवसांत दोघांना सारखाच आजार दिसला तर तिसऱ्याची वाट न बघता डॉक्टरांना बोलवायचं, हे लिहून भिंतीवर लावायला सांगितलंय. फ्लूचं औषध पहिल्या दोन दिवसांत पोटात गेलं तरच चांगलं लागू पडतं.

पाण्याचं मात्र मी तुमच्यावर सोडलंय, बाबा. पूर आला की उपसा केंद्रं पाण्याखाली जातात, शहराचे नळ बंद पडतात आणि टँकर सुरू होतात, हे त्यांनाही माहीत आहे. पण टँकरचं पाणी टाकीत घेताना ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलाय का ते बघायची, कोण करतं, असं विचारलं तर सगळे एकमेकांकडं बघायला लागले. टीसीएलचं, म्हणजे ब्लीचिंग पावडरचं पोतं होतं, तेही उघडं, दमट. म्हणजे त्यातला क्लोरीन केव्हाच उडून गेलेला. मी सांगितलं, आमचे बाबा येताहेत. इचलकरंजीत २०१२ ला कावीळ पसरली तेव्हा तुम्ही निवृत्त झालेले असूनही घरातल्या घरात किती चिडला होतात! त्या बाईंनी वही-पेन काढून तुमचं नाव लिहून घेतलंय. क्लोरीन ०.५ असला की टेस्टचा रंग कसा दिसतो ते तुम्हीच त्यांना दाखवा. उलटी-जुलाब झालेली जागा ब्लीचिंगच्या पाण्यानं पुसायची आणि हात साबणानंच धुवायचे, त्या दारात टांगलेल्या सॅनिटायझरच्या बाटलीवर नोरोव्हायरससारखी नाठाळ मंडळी फारशी मरत नाहीत, हेही सांगा. माझ्यापेक्षा तुमचं ऐकतील. फक्त ओरडू नका.

पणजोबांची गोष्ट तुम्हीच सांगता. प्लेगात उंदीर पडायला लागले की गाव सोडायचं आणि रानात झोपड्या घालून राहायचं. त्यांना काय घर प्यारं नव्हतं? वेळेवर उठले म्हणून आपण आज आहोत, हे तुमचेच शब्द.

आई, आता तुझं. तुला काय वाटतंय ते तू बोलणार नाहीस, मला तुझ्या आवाजावरून कळतं. साथ आली, दारं बंद झाली, आणि काचेपलीकडनं हात हलवून मी परत गेले तर? परदेशात हेच झालं. महिनोन्‌महिने कुणाला आत सोडलं नाही. आजारानं न गेलेली कितीतरी माणसं अन्न सोडून खंगत गेली, आणि मग कॅनडातल्या ओंटारिओसारख्या ठिकाणी घरच्या एखाद्या माणसाला 'आवश्यक' म्हणून आत सोडायचा नियम करावा लागला. मी तो नियम इथं आधीच करून घेतलाय. प्रत्येकाच्या नावापुढं घरच्या एका माणसाचं नाव. तो मास्क लावून, हात धुऊन, साथीतही आत येणार. तुझ्यापुढं माझं नाव आहे, बाबांच्या पुढंही माझंच. कागदावर सही शिक्का आहे. तो कागद मिळेपर्यंत मी अनामत भरली नव्हती.

तुझ्या पोळपाटाला तिथं जागा आहे. स्वयंपाकघरात सगळ्यांना जाता येत नाही, पण खोलीत छोटी शेगडी चालते. बुधवारी आणि रविवारी मटण असतं, तांबडा बरा आहे, पांढरा पांचट. तू गेलीस की सुधारेल. दूध म्हशीचं, समोर धार काढलेलं नाही पण ताजं. अंबाबाईला शुक्रवारी गाडी नेते. तुझी गोधडी आण, तिथल्या ब्लँकेटला वास येतो. मला ताप आला की तू त्याच गोधडीत गुंडाळून रात्रभर पाठीवर हात फिरवायचीस आणि सकाळी स्वतः शिंकत शाळेचा डबा करायचीस. तेव्हा तुला भरपगारी रजा कुणी दिली नाही, आई.

आता न कुरकुरता करायच्या गोष्टी. पावसाआधी दोघांनी फ्लूची लस घ्यायची, ती दरवर्षी घ्यावी लागते. न्यूमोनियाची बाबांची झालीय, आईची राहिलीय. डॉक्टरांकडं शेजारचा पोरगा नेईल, रिक्षानं जायचं, बाबांनी स्कूटर काढायची नाही. महिन्याभराची औषधं एका डब्यात, चिठ्ठीसकट. आईचे दम्याचे पंप दोन ठेवा, एक उशाशी, एक पिशवीत. जुने रिपोर्ट पिशवीत कोंबू नका, तारखेप्रमाणं लावा. पुराच्या पाण्यात आता अजिबात पाय घालायचा नाही, कुणाचं काही वाहून गेलं तरी. त्या पाण्यातून होणाऱ्या लेप्टोच्या तापाचं तुम्हाला मी काय सांगणार? आणि तिथं गेल्यावर खोकला आला तर लपवायचा नाही. बाबा, हे तुम्हाला आहे. "नुसता घसा बसलाय" असं म्हणून पंगतीत जाऊन बसाल आणि तुमचं ते आवतण तुम्हीच द्याल.

एक महिना राहून बघा. नाहीच जमलं तर सांगा, मी येऊन घेऊन जाईन, एक अक्षर बोलणार नाही. (एखादं बोलेन.) पण पावसाळा तिथं काढायचा, त्यावर चर्चा नाही.

टेम्पो ठरवलाय, तारीख फोनवर कळवते. देवघर आणि बाबांची फाइल पहिल्या फेरीत जाईल. कपाट हलवू नका, ते मी आल्यावर. आणि चष्मा घेऊन या आधी.

तुमची
बेबी