आई-बाबा, ते दार हाताने उघडतं

बंगळुरू
रविवार रात्र

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

मिरजेत आई बंद गाडीत अडकली, ती गोष्ट मला मावशीकडून कळली. मी काळजी करेन म्हणून तुम्ही दोघांनी ठरवूनच सांगितली नसेल. मी त्याबद्दल रागावलेली नाही. पण फोनवर विषय काढला की आई "अगं, काही नाही गं" म्हणून माझ्या जेवणाचं विचारते आणि बाबा फोन आईच्या हातात देतात. म्हणून हे पत्र. दोघांनी एकत्र बसून वाचा, आणि बाबा, अर्ध्यावर घडी घालून चष्म्याच्या डबीखाली ठेवू नका.

आधी जे ठरवून टाकलंय ते सांगते. गाडी विकायची नाही. दादाचं मत वेगळं होतं, त्याचीही काळजी खरीच आहे, पण मी त्याच्याशी बोलले आणि तो विषय आता संपला. गाडी आपल्याच दारात राहील आणि किल्ली बाबांच्याच खुंटीला. सांगलीत, दिवसाउजेडी, बाबाच चालवतील. फक्त मिरजेला दवाखान्यात, कोल्हापूरला, आणि उन्हाळ्यात दुपारचं कुठंही जायचं झालं तर चालवायला माणूस येईल. त्याच्याशी बोलणं झालंय, महिन्याचे पैसेही मी ठरवलेत. ते तुम्ही काढायचे नाहीत.

बाबा, यात तुमच्या चालवण्याचा काही संबंध नाही, हे मनापासून लिहिते. मोतिबिंदूच्या ऑपरेशननंतर तुम्ही माझ्यापेक्षा लांबचं वाचता. प्रश्न गाडी लावायचा आहे. दवाखान्याबाहेर जागा मिळत नाही, मग एकानं उतरायचं आणि दुसऱ्यानं गाडीत बसून राहायचं, असं होतं. तिसरा माणूस असला की तुम्ही दोघं बरोबर आत जाल, आईला डॉक्टर काय म्हणाले ते तुम्ही स्वतः ऐकाल, आणि गाडी कुठे लावायची ते तो बघेल. शिवाय येताना तुम्ही शांतपणे खिडकीशी बसाल. इतकी वर्षं आम्हाला सगळीकडे तुम्हीच नेलंत. महिन्यातून थोडे दिवस तुम्हाला कुणी नेलं तर मला इथे बरं वाटेल. माझ्यासाठी म्हणून चालवून घ्या.

आता त्या दिवशी काय झालं ते. बाबांनी रस्त्याकडेला गाडी लावली, कुणी धडकू नये म्हणून चारही इंडिकेटर चालू ठेवले, इंजिन बंद केलं, आई आत सुरक्षित राहावी म्हणून रिमोटनं लॉक केलं आणि रिपोर्ट आणायला गेले. तिथे रांग निघाली. बॅटरी गाडीबरोबर आलेली, २०२० ची. आपल्याकडच्या उन्हात तीन-चार वर्षांत बॅटरी थकते, आणि विश्रामबाग ते गणपतीचं देऊळ एवढ्याशा फेरीत ती नीट भरतही नाही. उरलंसुरलं त्या इंडिकेटरांनी ओढून घेतलं. बॅटरी गेल्यावर बाबांच्या हातातला रिमोट गाडीला ऐकू जाईना, काचा खाली होईनात, हॉर्न वाजेना. आईचा फोन पुढे चार्जिंगला. आणि मागच्या दारांना दिवाळीत चिनूसाठी लावलेलं चाइल्ड लॉक तसंच राहिलेलं.

आई, तू हँडल ओढत होतीस आणि ते नुसतंच सैल हलत होतं, असं मावशी म्हणाली. ते दार बॅटरीमुळे अडलं नव्हतं. चाइल्ड लॉक लावलेलं असलं की बॅटरी पूर्ण भरलेली असली तरी मागचं दार आतून उघडत नाही, फक्त बाहेरून उघडतं. तुझ्या हातात जोर नव्हता असं अजिबात नाही. पुढच्या दोन दारांना हे लॉक नसतंच, पण दोन सीटांमधून वाकून पुढचा खटका गाठणं तुझ्या गुडघ्यांनी कसं जमणार होतं?

म्हणून आजपासून आई पुढे बसेल. मागे पाय आडवा टाकता येतो म्हणून तुला मागचीच जागा आवडते, ते मला माहीत आहे. त्यावर विचार केलाय. पुढची सीट पूर्ण मागे सरकवली की पाय लांब करता येतो. बसल्या जागी फिरणारी एक गोल गादी मी पाठवली आहे, तिच्यावर आधी बाहेर तोंड करून बसायचं आणि मग दोन्ही पाय एकदम आत घ्यायचे, गुडघा पिळवटत नाही. गुडघ्याखाली घ्यायला तुझा तो जुना मऊ टॉवेल असेलच. एसीचा झोत सरळ अंगावर येतो असं तू म्हणशील. ती जाळी वर वळते, बाबा दाखवतील. पहिले काही दिवस चुकल्यासारखं वाटेल, मग सवय होईल. पाण्याची बाटली आणि फोन तुझ्या मांडीवर, पुढच्या खणात नाही.

आपल्या जुन्या निळ्या मारुती आठशेला यातलं काहीच नव्हतं. काचेच्या कडेला उभे खुंटे, हाताने फिरवायच्या काचा. नरसोबाच्या वाडीला निघताना बाबा मागे वळून "खुंटे खाली?" विचारायचे आणि दादा आणि मी आपापला खुंटा दाबून हात वर करायचो. येताना मी हमखास झोपायचे. आई, तू माझं डोकं मांडीवर घेऊन दाराच्या बाजूला प्रसादाची पिशवी लावायचीस, खड्ड्यात गाडी आदळली तर मला लागू नये म्हणून. अजूनही कुठल्याही गाडीत बसले की माझा हात आधी लॉककडे जातो. ती सवय तुम्ही लावलीत. आता मी तुम्हाला तिची दुसरी बाजू लावणार आहे. लॉक कसं करायचं हे हाताला जितकं पक्कं माहीत असतं, तितकंच ते वीज नसताना उघडायचं कसं हेही माहीत हवं.

बाबा, तुम्हाला नियम वाचायला आवडतात म्हणून सांगते. १ जुलै २०१९ पासून आपल्याकडे नव्या मोटारींना काही गोष्टी सक्तीच्या झाल्या. सीटबेल्ट लावला नाही की टुंटुं वाजणारा तो आवाज, ज्याचा तुम्हाला वैताग येतो, तो त्यातलाच. त्याच नियमात हेही आहे की सेंट्रल लॉकिंगची वीज गेली तरी ते हाताने उघडता आलं पाहिजे. म्हणजे आपल्या गाडीत ती सोय आहेच. आतल्या हँडलमागे छोटा खटका आहे. तो ओढला की लॉक निघतं, मग हँडल ओढलं की दार उघडतं. त्याला बॅटरी लागत नाही, आतून थेट कुलपाला जोडलेलं आहे.

पुढचं लिहू की नको असं झालं होतं, पण कारण कळल्याशिवाय तुम्हाला पटत नाही. २०१५ च्या जूनमध्ये अमेरिकेत, टेक्सासमध्ये, ७२ वर्षांचे एक गृहस्थ आणि त्यांचा कुत्रा स्वतःच्याच गाडीत उष्म्याने गेले. त्या कॉर्व्हेटची दारं बटणाने उघडायची. बॅटरीची वायर सैल होऊन वीज गेली. हाताने उघडायचा खटका सीटच्या शेजारी, खाली जमिनीलगत होता. आई, घाबरवायला नाही लिहीत गं. आपली गाडी तशी नाही. पण बंद गाडी उन्हात पहिल्या अर्ध्या तासातच झपाट्याने तापते, काच बोटभर उघडी असली तरी. आणि तुझ्या बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध आहे, अशा गोळीवर उन्हाचा त्रास लवकर होतो. म्हणून आईला गाडीत ठेवून बाहेरून लॉक करायचं नाही. दोन मिनिटांसाठीही नाही. बाबा, हे एक माझं ऐकाच.

शनिवारी सकाळी गॅरेजवाला घरी येऊन नवी बॅटरी बसवेल. पैसे दिलेत. तुमच्या पेट्रोलच्या वहीत एक नवं पान करा. इंजिन बंद असताना त्याला मीटर लावायला सांगा. १२.६ व्होल्टच्या आसपास म्हणजे भरलेली, १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. इंजिन चालू असताना आकडा साधारण १४ दिसला पाहिजे. मागचं चाइल्ड लॉक त्याच्याकडूनच काढून घ्या, दार उघडलं की त्याच्या कडेला छोटा खटका दिसतो. चिनू आला की त्याच्याशेजारी कुणीतरी मोठं बसेल, लॉक परत लावायचं नाही.

रिमोटच्या पोटात खरी किल्ली आहे, ती दुकानातल्या मुलाने काढून दाखवली तशी तुम्ही स्वतः काढून घाला, चार-पाच वेळा. बॅटरी नसताना त्या किल्लीने फक्त ड्रायव्हरचं दार उघडेल. मग आत हात घालून बाकीच्या दारांचे खटके ओढायचे. बॅटरी उतरलीच तर दुसऱ्या गाडीवरून केबल लावायला तुम्ही वाकायचं नाही. बॅटरीतून हायड्रोजन निघतो, ठिणगी जवळ नको, म्हणून शेवटची काळी क्लिप तिच्यापासून लांब, इंजिनच्या उघड्या धातूला लावतात. ते काम गॅरेजवाल्याचं.

गादीबरोबर एक छोटी हातोडी येईल. ती आईच्या दाराच्या कप्प्यात राहील, डिकीत नाही. समोरच्या काचेला मारून उपयोग नाही, तिच्यात प्लॅस्टिकचा थर असतो, ती तडकते पण जागेवरच राहते. बाजूच्या काचेच्या कोपऱ्यात मारायची. तशी वेळ येणार नाही, तरी असू दे.

आणि दादाच्या इलेक्ट्रिक गाडीत बसाल तेव्हाही आधी विचारा, हाताने कुठून उघडतं. तिच्यातही दारं आणि काचा १२ व्होल्टच्या छोट्या बॅटरीवरच असतात, खालची मोठी कितीही भरलेली असो. काही गाड्यांत आतलं हँडल दोनदा ओढावं लागतं, पहिल्यांदा लॉक निघतं, दुसऱ्यांदा दार.

पुढच्या शुक्रवारी राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं निघते, दुसऱ्या दिवशी मिरजेला उतरेन. स्टेशनवर येऊ नका, रिक्षाने येईन. संध्याकाळी ऊन उतरलं की आपण तिघं खाली जाऊ. आई पुढे बसेल, मी बाहेरून लॉक करेन, आणि तू खटका नुसता चाचपून, न बघता दार उघडायचंस. मग प्रत्येक सीटवरून. मधे अलार्म वाजला तर दचकू नको, लॉक असताना आतून उघडलं की काही गाड्यांचा वाजतो, रिमोटचं बटण दाबलं की थांबतो. शेजारच्या काकू गॅलरीतून बघतील, बघू देत. त्यांनाही बोलावून घेऊ, त्यांच्या गाडीतही काका लॉक करूनच जातात.

बाबांनी पाणी जास्त प्यावं. आईने दुपारची गोळी जेवणानंतरच घ्यावी.

तुमची,
मनी

ता. क. रिमोटमधला गोल सेल वेगळा असतो, गाडीची बॅटरी बदलली तरी तो बदलत नाही. बहुतेक सीआर २०३२ असेल, पण उघडून नंबर वाचा आणि मला कळवा. येताना दोन घेऊन येते.