आधी नजर कुणाची?

मा. संपादक,

दहावीच्या निकालादिवशी माझी भाची स्थानिक वाहिनीवर दोन मिनिटं बोलली. पेढे संपायच्या आत एका नातेवाइकांचा फोन आला, "पोरीला टीव्हीवर कशाला आणलं? इस्लाममध्ये चालत नाही."

इतकं सरळ ते नाही. काही उलेमा, म्हणजे धर्मपंडित, चित्रणालाच 'तस्वीर' (सजीवांची प्रतिमा) म्हणून हरकत घेतात. मग त्यात पुरुषही आलेच की! (त्यातल्याही काहींची भाषणं मोबाइलवर फिरत असतात, ते असो.) इतर अनेक जण पोशाखाची, वागण्याची मर्यादा पाळून परवानगी देतात. इजिप्तच्या सरकारी वाहिनीवर २०१२ मध्ये हिजाबातली निवेदिका बातम्या वाचू लागली. अफगाणिस्तानात २०२२ मध्ये निवेदिकांना चेहरा झाकायचा हुकूम निघाला. ग्रंथ एकच, कुराण. त्यातल्या सूरह नूर या अध्यायात नजर खाली ठेवायची आज्ञा ३० व्या आयतीत आधी पुरुषांना आहे, स्त्रियांना त्यानंतर. हे फोनवर कुणी सांगत नाही.

ईदच्या खरेदीत न विचारता बायकांच्या तोंडावर कॅमेरा धरणाऱ्यांवर मात्र माझाही राग आहे. तिथं नातेवाइकांनी जरूर बोलावं. शाहू महाराजांनी १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंग काढलं त्या गावात शिकलेल्या पोरीनं मार्क सांगितले, एवढंच घडलंय. अकरावीचा फॉर्म भरायचाय अजून.

– एक मावशी, कोल्हापूर